जाळी की धागे? काँक्रीटच्या तड्यांचा हिशेब

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा मला निरोप आला. शाळेच्या अंगणात, जिथे रोज प्रार्थना होते तिथे, पावसाळ्यात घोटाभर चिखल होतो. म्हणून यंदा काँक्रीटचा कोबा घालायचे ठरले होते. अंगण २४ मीटर लांब व १२ मीटर रुंद, कोब्याची जाडी १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच. अंदाजपत्रकात कोब्यासाठी पोलादी तारेची जाळी धरलेली होती. ठेकेदाराने मात्र वेगळेच सुचवले. त्याने बाईंच्या टेबलावर एक लहानसे पाकीट ठेवले. आत पांढरे, रेशमासारखे, बोटाच्या नखाएवढ्या लांबीचे धागे होते.

"बाई, हल्ली जाळी कोण घालतं? सिमेंटच्या एका गोणीला हे एक पाकीट टाकायचं. तडा जाणार नाही, माझी हमी. आणि खिचडीच्या शेडवर जो स्लॅब टाकायचाय, त्यातही हेच टाकू. सळई निम्मी लागेल."

बाई स्वतः विज्ञान शिकवतात. त्यांनी मला विचारले, "केसासारखा धागा तारेचं काम कसं करील? आणि करत असेल, तर इतकी वर्षं आपण लोखंड कशाला घालत होतो?"

प्रश्न अगदी नेमका होता, पण त्याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. ठेकेदाराच्या बोलण्यातील एक भाग बरोबर होता, एक अर्धवट होता आणि एक चक्क धोक्याचा होता. कोणता भाग कोणता, हे ठरवायचे तर काँक्रीटला तडा का पडतो आणि केव्हा पडतो, हे आधी पाहावे लागेल.

खडूचा धडा

वर्गातला एक खडू घ्या. तो टेबलावर उभा धरून वरून बोटाने दाबा. सहसा तो मोडत नाही. आता तोच खडू दोन्ही हातांत धरून किंचित वाकवा. पटकन दोन तुकडे होतात. वाकवताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. मोडण्याची सुरुवात ताणल्या जाणाऱ्या बाजूपासून होते.

काँक्रीटचा स्वभाव खडूसारखाच आहे. आपल्याकडे नेहमी वापरले जाणारे 'एम २०' प्रतीचे काँक्रीट २८ दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसते. ताण मात्र ते त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे सुमारे २ न्यूटन सोसते. म्हणून जिथे ताण येणार तिथे पोलाद घालायचे, ही प्रबलित काँक्रीटची मूळ कल्पना. फ्रान्समधील जोसेफ मोनिए या बागकाम करणाऱ्या गृहस्थाने सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. कोब्यातील जाळी ही त्या कुंडीचीच वंशज म्हणायला हरकत नाही.

पण जमिनीवर सपाट पसरलेल्या कोब्याला कोण वाकवतो? त्याच्या खाली तर सगळीकडे आधार आहे. मग त्याला ताण येतो कुठून? याचे उत्तर असे, की बहुतेक वेळा तो त्याच्या स्वतःच्या आकुंचनातून येतो. हे आकुंचन दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्पे वेगवेगळे ओळखता आले, की निम्मे कोडे सुटते.

पहिले काही तास

काळ्या मातीच्या रानात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटचेही तसेच होते. खडी व वाळू हळूहळू खाली बसते आणि थोडे पाणी पृष्ठभागावर येते. ऊन व वारा हे पाणी उडवून नेतात. खालून पाणी येण्याच्या वेगापेक्षा उडून जाण्याचा वेग जास्त झाला, की पृष्ठभागावरील सिमेंटच्या कणांमध्ये पाण्याचे बारीक अंतर्वक्र पडदे तयार होतात. त्यांच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच ओढीमुळे. वरचा थर आखडू पाहतो, खालचा त्याला आखडू देत नाही. काँक्रीट अजून शिऱ्यासारखे मऊ असते. ताण सोसण्याची त्याची ताकद जवळजवळ शून्य असते. मग भेग पडते.

दर चौरस मीटरमधून दर ताशी सुमारे एक लिटरपेक्षा अधिक पाणी उडू लागले, तर अशा भेगांचा धोका मोठा मानला जातो. एक लिटर ऐकायला थोडे वाटते. आपल्या २८८ चौरस मीटरच्या अंगणासाठी मात्र ते तासाला २८८ लिटर, म्हणजे जवळजवळ दीड पिंप होते. एप्रिल-मेच्या दुपारी, कोरड्या वाऱ्यात, हे सहज घडू शकते.

पुढचे काही महिने

काँक्रीट घट्ट झाल्यावरही त्यातील जास्तीचे पाणी महिनोन्‌महिने बाहेर पडत राहते आणि काँक्रीट आकसत राहते. दुसरी माहिती नसेल तेव्हा हे आकुंचन लांबीच्या ०.०००३ पट धरावे, असे आपल्या 'आयएस ४५६' या भारतीय मानकात सांगितले आहे. १० मीटर लांबीसाठी ते ३ मिलिमीटर होते.

हे आकुंचन पूर्णपणे रोखून धरले तर किती ताण येईल? नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही हे गणित जमेल. ताण म्हणजे विकृती गुणिले यंगचा गुणांक. 'एम २०' काँक्रीटचा यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे २२,००० न्यूटन धरला, तर ०.०००३ × २२,००० = ६.६ न्यूटन. ताकद मात्र सुमारे २ न्यूटनची! प्रत्यक्षात जमीन आकुंचन पूर्ण रोखत नाही, शिवाय सततच्या ताणाखाली काँक्रीट थोडे सैलावते, म्हणून ताण याहून पुष्कळ कमी येतो. पण एवढ्या फरकावरून एक गोष्ट ध्यानात येते. मोठा, सलग कोबा कुठेतरी तडकणारच. प्रश्न एवढाच उरतो, की तडा कुठे पडावा आणि किती रुंद व्हावा.

तडा कुठे पडावा, हे सांध्यांनी ठरवता येते. कोबा घट्ट होऊ लागल्यावर, पहिल्या दिवसातच, ठरावीक अंतरावर त्याच्या जाडीच्या पाव भाग खोलीची खाच कापतात. तिथे कोबा कमकुवत होतो आणि तडा शहाण्यासारखा खाचेखाली, सरळ रेषेत पडतो. वडीच्या थापलेल्या पिठावर आपण आधीच रेघा मारतो, त्यातलाच हा प्रकार. १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्यासाठी हे अंतर सुमारे तीन मीटरपर्यंत ठेवतात.

जाळी काय करते?

जाळी तडा थांबवते, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब करून पाहू. समजा, ३.४ मिलिमीटर व्यासाच्या तारा १५० मिलिमीटर अंतरावर असलेली हलकी जाळी घेतली. एका तारेचे छेदक्षेत्र ९ चौरस मिलिमीटर. एक मीटर रुंदीत साधारण पावणेसात तारा येतात, म्हणजे एकूण ६० चौरस मिलिमीटर पोलाद. त्याच रुंदीतील काँक्रीटचे क्षेत्र १,००,००० चौरस मिलिमीटर. पोलादाचा वाटा फक्त ०.०६ टक्के!

काँक्रीट तडकण्याच्या क्षणी त्यात सुमारे २ × १,००,००० म्हणजे दोन लाख न्यूटन बल असते. तारेची ताकद दर चौरस मिलिमीटरला ४५० न्यूटन धरली तरी जाळी २७,००० न्यूटनच पेलू शकते. एवढ्याशा पोलादाने तडा रोखला जाणे शक्यच नाही. जाळीचे काम तडा पडल्यानंतर सुरू होते. ती तड्याच्या दोन्ही काठांना एकमेकांपासून दूर जाऊ देत नाही. तडा अरुंद राहिला, की दोन्ही काठांची खडी एकमेकींत गुंतलेली राहते. एक भाग खाली बसून ठेच लागेल अशी पायरी तयार होत नाही आणि पाणीही कमी मुरते.

पण त्यासाठी जाळी योग्य जागी असावी लागते. कोब्याचे वरचे अंग लवकर वाळते व जास्त आखडते, म्हणून जाळी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, पृष्ठभागाखाली तीन-चार सेंटिमीटरवर हवी. प्रत्यक्षात काय होते? जाळी मुरुमावर पसरतात, त्यावर काँक्रीट ओततात, आणि एक मजूर आकड्याने ती मधूनमधून वर ओढतो. पुढच्याच क्षणी दुसऱ्याचा गमबूट तिच्यावर पडतो आणि ती पुन्हा तळाला जाते. जमिनीला चिकटलेली जाळी वरच्या तड्याला धरू शकत नाही. उलट ओल्या मुरुमाशी संबंध येऊन ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. समुद्रकाठच्या गावांत तर हा अनुभव नेहमीचा आहे. जाळीला खालून सिमेंटच्या ठोकळ्यांचा आधार देणे आणि तिच्यावर न चालणे, एवढी काळजी घेतली तर ती उत्तम काम करते.

धाग्यांची जुनी परंपरा

धागे मिसळण्याची कल्पना नवी नाही. मातीच्या विटांत गवत, भिंतीच्या गिलाव्यात भुसा, सारवणात शेण. शेणात न पचलेले गवताचे तंतू असतात आणि तेच सारवण तडकू देत नाहीत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले आहे.

मग काँक्रीटमध्ये काथ्या किंवा ताग का नको? कारण सिमेंट हा तीव्र अल्कली पदार्थ आहे. ओल्या काँक्रीटमधील पाण्याचा सामू १२.५ च्याही पुढे असतो. वनस्पतिज तंतू त्यात हळूहळू कुजतात, आणि साध्या काचेचे तंतूही झिजतात. टिकणारा स्वस्त तंतू मिळाला तो रसायनशास्त्रातून. इटलीच्या ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन हे उपयुक्त स्वरूपातील बहुवारिक तयार केले. पुढे १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व कार्ल झीग्लर यांना विभागून मिळाले. १९६५ साली अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलासाठी, स्फोटाचा धक्का सोसणाऱ्या बांधकामांत असे कृत्रिम धागे वापरण्याची सूचना पुढे आली. तिथून ते हळूहळू कोब्यांत आणि गिलाव्यांत आले.

ठेकेदाराच्या पाकिटातले धागे याच पॉलिप्रॉपिलीनचे होते. अल्कलीत ते झिजत नाहीत आणि गंजण्याचा तर प्रश्नच नाही.

मूठभर धागे, आठ कोटी तंतू

पाकीट १२५ ग्रॅमचे होते. एक घनमीटर 'एम २०' काँक्रीटला साधारण सात गोण्या सिमेंट लागते, म्हणजे धागे सुमारे ०.९ किलो. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असते, त्याची सापेक्ष घनता ०.९१. म्हणजे ०.९ किलो धाग्यांचे आकारमान जवळजवळ एक लिटर, घनमीटरचा एक हजारांश. धागा १२ मिलिमीटर लांब व ०.०३६ मिलिमीटर जाड असेल, तर एका घनमीटरमध्ये किती धागे झाले? विद्यार्थ्यांना गणित करू द्या. उत्तर येते सुमारे आठ कोटी! ते एकापुढे एक जोडले तर लांबी सुमारे ९७० किलोमीटर, मुंबईहून नागपूरला जाऊन वर उरेल इतकी.

या प्रचंड संख्येतच त्यांचे बळ आहे. ओल्या काँक्रीटमध्ये भेग सुरू होते तेव्हा ती सुईच्या टोकाएवढी असते. तिच्या वाटेत कुठल्याही दिशेला मिलिमीटरभर अंतरावर एखादा धागा असतोच. तो भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो आणि ती तिथेच अडते. जाळीच्या दोन तारांमध्ये मात्र १५० मिलिमीटरचे मोकळे मैदान असते. शिवाय मऊ काँक्रीट तारेभोवतीची पकड अजून घेऊ शकलेले नसते. म्हणून पहिल्या काही तासांतील भेगांवर जाळीचा फारसा उपयोग होत नाही, धाग्यांचा होतो. ठेकेदाराच्या बोलण्यातला हा बरोबर भाग.

आता एक चकवा पाहा. धाग्यांचे प्रमाण ०.१ टक्का आणि जाळीचे ०.०६ टक्के. मग धागे जाळीहून सरस का नाहीत? कारणे तीन.

पहिले कारण दिशेचे. तारा ताणाच्या दिशेत सरळ असतात, धागे वाटेल तसे पसरलेले असतात. तड्याच्या प्रतलाला छेदणाऱ्या धाग्यांची संख्या, सगळे एकाच दिशेत असते तर जी झाली असती, तिच्या निम्मीच भरते.

दुसरे कारण पकडीचे. तार मीटर-मीटर लांब जाते, धागा १२ मिलिमीटरचा. त्याची दोन्ही टोके तड्याच्या आसपासच संपतात. त्यात पॉलिप्रॉपिलीन मेणचट, पाणी न धरणारे. लोखंडी घमेल्याला सुकलेले सिमेंट खरवडून काढावे लागते, प्लॅस्टिकचे घमेले मात्र नुसते दाबले की पापुद्रा सुटून येतो, हे कोणताही गवंडी सांगेल. धागा असाच सुटून येतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, ताठपणाचे. पोलादाचा यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला २,००,००० न्यूटन, घट्ट काँक्रीटचा सुमारे २२,०००, आणि अशा बारीक धाग्याचा साधारण ४,०००. म्हणजे धागा घट्ट काँक्रीटपेक्षाही लवचीक! तो जोर धरू लागेपर्यंत तडा बराच उघडलेला असतो. मऊ, काही तासांच्या काँक्रीटच्या तुलनेत मात्र हाच धागा पुष्कळ ताठ ठरतो. धागा तोच राहतो. त्याच्या भोवतीचे काँक्रीट मात्र दिवसागणिक ताठ होत जाते, आणि त्यानुसार धाग्याची उपयुक्तता बदलते.

म्हणून 'तडा जाणार नाही' हा दावा अर्धवट होता. बारीक धागे पहिल्या दिवसाचे राखणदार आहेत. सहा महिन्यांनंतरच्या आकुंचनाचा तडा ते थांबवत नाहीत, आणि उघडलेला तडा जाळीसारखा धरूनही ठेवत नाहीत.

जाड धागे

जाळीला खराखुरा पर्याय म्हणून पुढे आले ते जाड कृत्रिम धागे. युरोपीय मानकात ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक ते सूक्ष्म आणि त्याहून जाड ते स्थूल, अशी विभागणी केली आहे. स्थूल धागे साधारण ४० ते ६० मिलिमीटर लांब असतात. ते नागमोडी किंवा खाचा पाडलेले असतात, म्हणजे मेणचट असूनही काँक्रीटमध्ये अडकून बसतात. त्यांचे प्रमाणही जास्त, घनमीटरला साधारण तीन ते पाच किलो किंवा अधिक. असे काँक्रीट तडकल्यावर लगेच दोन तुकडे होत नाही, बराच भार धरून ठेवते.

हे मोजण्यासाठी काँक्रीटच्या तुळईवर भार देऊन ती मोडतात आणि मोडल्यानंतरही वाकत जाताना ती किती भार पेलते, हे नोंदवतात. धागे घ्यायचे तर विक्रेत्याकडे या 'तड्यानंतरच्या ताकदीचे' आकडे मागावेत. किलोला किलो अशी तुलना करून उपयोग नाही. गोदामांची जमीन, अंगणे, पदपथ अशा जमिनीवर टेकलेल्या कोब्यांत हलक्या जाळीऐवजी असे धागे आज अनेक देशांत वापरले जातात. ऑस्ट्रेलियातील खाणींत बोगद्याच्या भिंतींवर फवारलेल्या काँक्रीटमध्येही जाळी ठोकण्याऐवजी त्यांचाच मोठा वापर होतो. तिथे सैल खडकाखाली उभे राहून जाळी बसवण्याचा मजुरांचा धोकाही त्यामुळे टळला.

छताचा स्लॅब मात्र वेगळा

आता धोक्याचा भाग. इंग्रजीत जमिनीवरचा कोबा आणि डोक्यावरचे छत या दोघांनाही स्लॅब हाच शब्द आहे. परदेशी माहितीपत्रकात 'स्लॅबमध्ये जाळीऐवजी धागे' असे वाचले, की आपल्याकडे स्लॅब म्हणजे छत, आणि तिथेच घोटाळा होतो. त्या वाक्यातला स्लॅब बहुधा जमिनीवर टेकलेला असतो.

कोब्याला खालून जमिनीचा आधार आहे. तो तडकला तर दिसायला वाईट दिसेल, फार तर ठेच लागेल. छताचा स्लॅब दोन भिंतींमध्ये अधांतरी असतो. त्याच्या खालच्या अंगाला रात्रंदिवस ताण असतो आणि तो संपूर्ण ताण सळईच वाहते. ती निम्मी केली, तर खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यावर आपण पाकिटातल्या धाग्यांचा भरवसा टांगलेला असतो.

इथे धागे का चालत नाहीत, हे समजायला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आठवावी. नवी बांधताना ती तंग असते. वर्षभरात ओझ्याखाली ती झोळ खाते. प्लॅस्टिकचे पदार्थ सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जातात. पोलाद नेहमीच्या तापमानाला असे वागत नाही. दुसरी अडचण आगीची. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवर किंवा गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या शेडवर तर याचा विचार हवाच. गंमत म्हणजे हाच दोष बोगद्यांत गुण ठरतो. आगीत बारीक धागे वितळून काँक्रीटमध्ये सूक्ष्म नळ्या तयार होतात, अडकलेली वाफ त्यांतून निसटते आणि दाट काँक्रीटचे कपचे स्फोटासारखे उडत नाहीत. पण तिथेही भार वाहण्याचे काम पोलादाकडेच असते.

'आयएस ४५६' नुसार छताच्या स्लॅबमध्ये, ताण फारसा नसलेल्या दिशेतही, पिळाच्या सळईचे छेदक्षेत्र एकूण छेदाच्या किमान ०.१२ टक्के असावे लागते. मुख्य सळई तर भाराच्या हिशेबाने ठरते. त्यात बदल करण्याचा अधिकार संरचना अभियंत्याचा आहे, ठेकेदाराचा नाही.

आम्ही काय केले?

अंगणावर मुले आणि शिक्षकच वावरणार होते. पाण्याचा टँकर फक्त फाटकापासून टाकीपर्यंत येतो. तेव्हा टँकरच्या पट्ट्यात जाळी ठेवली, तीही ठोकळ्यांवर उचलून. बाकी अंगणात जाळी वगळली आणि बारीक धागे घातले. एकूण काँक्रीट २८.८ घनमीटर. सगळीकडे जाळी घातली असती तर सुमारे पावणेतीनशे किलो पोलाद लागले असते, धागे २६ किलोंपेक्षा कमीच लागले. परंतु जाळी गाळता आली ती धाग्यांमुळे नव्हे, तर तीन-तीन मीटरवर कापलेल्या सांध्यांमुळे, हे बाईंना मुद्दाम सांगितले. अंगणाचे चौरस कप्पे पडले, लांबीत आठ आणि रुंदीत चार. खिचडीच्या शेडची सळई मूळ नकाशाप्रमाणे पूर्ण राहिली.

कामावर दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागले. धागे एकदम टाकले तर त्यांचे गोळे होतात. म्हणून मिक्सर फिरत असताना ते थोडे थोडे भुरभुरवले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. धागे घातले की मिश्रण घट्ट वाटते, आणि मजुराचा हात आपोआप पाण्याच्या बादलीकडे जातो. ते जास्तीचे पाणी पुढे आकुंचन वाढवते आणि ताकद घटवते. म्हणजे तडे रोखायला धागे घालायचे आणि पाणी वाढवून तडे बोलवायचे! आम्ही बादली मिक्सरपासून लांब ठेवली. काम पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवले, आणि कोबा घट्ट होताच ओले गोणपाट अंथरून सात दिवसांहून अधिक पाणी मारले. ओलाव्याला पर्याय ना जाळी आहे, ना धागे.

वर्गात करून पाहा

प्रयोग १. काळी माती पाण्यात कालवून दोन सारख्या ताटल्यांत सारख्याच जाडीने पसरा. एकीत सुतळी उकलून, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून मिसळा. दोन्ही उन्हात ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भेगांची संख्या व रुंदी मोजून तक्ता करा. ताटलीला आतून तेल लावले तर भेगा कमी का पडतात, याचीही चर्चा करा.

प्रयोग २. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू आणि बेताचे पाणी असे मिश्रण करा. आगपेटीच्या रिकाम्या खोक्यांत पट्ट्या ओता. काही साध्या ठेवा, काहींत प्लॅस्टिकच्या सुतळीचे बारीक तुकडे मिसळा. सात दिवस ओल्या फडक्यात ठेवून मग मोडा. साधी पट्टी टचकन दोन तुकडे होते. धाग्यांची पट्टी मोडते, पण बहुधा लोंबत राहते. मोडायला लागलेल्या भारात मात्र फारसा फरक पडत नाही, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधा. ओले सिमेंट कातडीला व डोळ्यांना इजा करते. मिश्रण शिक्षकांनी हातमोजे घालून करावे.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा त्या शाळेत गेलो. अंगण कोरडे, स्वच्छ होते. सांधे सरळ रेषेत उघडले होते. पण ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याच्या कोपऱ्यापासून एक बारीक, तिरका तडा निघाला होता. आत वळलेल्या कोपऱ्याशी ताण एकवटतो. तिथे एक सांधा कापायला हवा होता, तो आमच्याकडून राहिला. धाग्यांनी तो तडा थांबवला नाही. ते त्यांचे कामच नव्हते.

सातवीच्या मुलांनी तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली होती. दर महिन्याला ती पुढे किती सरकते ते मोजून वहीत उतरवत होती. बाई हसून म्हणाल्या, "हमीपेक्षा ही वही बरी." मलाही तसेच वाटले.